ऑथॉरिटेरियन आणि टोटॅलिटेरियन: दोन्हींना 'हुकूमशाही' कसं चालेल?

प्रश्न: अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७९ साली 'कॉमेंटरी' मासिकात लिहिलेल्या गाजलेल्या लेखावर मराठीत लिहिते आहे. त्यात हे दोन शब्द सारखे समोरासमोर येतात. मी दोन्हींना 'हुकूमशाही' लिहिलं, तर वाक्यात काही उरतच नाही.

उत्तर: कसं उरेल? सगळा लेख या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभा आहे. त्या वर्षी इराणचा शहा आणि निकाराग्वाचा सोमोझा, अमेरिकेचे दोन्ही मित्र सत्तेवरून गेले. कर्कपॅट्रिक यांनी दोष दिला तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्या धोरणाला. त्यांचं म्हणणं असं, की शहासारखा ऑथॉरिटेरियन सत्ताधीश विरोधकांना चिरडतो, पण लोकांची पूजाअर्चा, जमीनजुमला, नातीगोती यांत फारसा हात घालत नाही. टोटॅलिटेरियन, म्हणजे कम्युनिस्ट, राजवट त्यातलं काहीच सोडत नाही. म्हणून पहिली कधीतरी सुधारेल, दुसरी सुधारण्याची आशा नाही. कार्टर यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या रेगन यांना हे इतकं पटलं की १९८१ मध्ये त्यांनी बाईंना संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमलं.

पहिल्या शब्दाला 'एकाधिकारशाही' घ्या, दुसऱ्याला 'सर्वंकष सत्ता'. 'कष्' म्हणजे घासणं, खरवडणं. 'निकष' त्याच धातूचा. सगळंच खरवडून काढणारं ते सर्वंकष. आपण 'सर्वंकष विकास' असं कौतुकानं म्हणून म्हणून त्याची धार घालवली आहे. 'सत्ता' जोडली की ती परत येते.

आणखी एकाचं उत्तर: शब्द पटले. पण 'एकाधिकारशाही' वाचून ती जरा बरी, असं वाचकाला वाटू देऊ नका. हीच विभागणी हाताशी धरून रेगन सरकारनं अर्जेंटिनाच्या लष्करशहांशी जवळीक केली. तिथं हजारो माणसं उचलून नेली गेली आणि परत आली नाहीत. ज्या आईचा मुलगा गेला, तिच्या घरात सत्तेनं हात घातला नाही असं कोण म्हणेल? शिवाय ज्या सुधारणार नाहीत असं बाई म्हणाल्या, त्या कम्युनिस्ट राजवटींपैकी पोलंड आणि हंगेरी १९८९ मध्ये बदललेच.

प्रश्नकर्ती: हे लेखात घेतेच. बाईंना 'नवपुराणमतवादी' (निओकॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे डावीकडून उजवीकडे वळलेल्या अमेरिकी विचारवंतांपैकी) म्हणू का?

उत्तर: नको. 'पुराणमतवादी' म्हटलं की आपल्याला सोवळंओवळं आठवतं. या बाई कॉलेजात समाजवादी युवक संघटनेत होत्या आणि १९८५ पर्यंत डेमोक्रॅटच होत्या. सरळ 'निओकॉन' लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथं दोन ओळींत समजावून सांगा.