प्रतिसाद: 'सैराट'चा शेवट आणि पार्श्वसंगीत

चित्रपटांतल्या पार्श्वसंगीताच्या आवडत्या प्रसंगांची यादी इथे चाललीय, आणि 'सैराट'मधला संगीताचा सर्वोच्च क्षण म्हणजे 'झिंगाट' हे गाणं, असं वर म्हटलंय. गाणं जबरदस्त आहेच, पण मला पटत नाही. माझ्या मते अजय-अतुलच्या संगीताचा खरा परिणाम शेवटी होतो, जेव्हा ते अजिबात वाजत नाही.

पूर्वार्धात त्यांनी आपल्याला सुरांत अक्षरशः न्हाऊ घातलंय. विहीर, उसाचे मळे, आर्ची-परश्याची नजरानजर, सगळ्यावर व्हायोलिनचा भलामोठा ताफा. (तो वाद्यवृंद अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला होता, आणि ते पैसे पुरेपूर वसूल झालेत.) मग हैदराबाद, भांडणं, संसार. आणि शेवटी आर्ची-परश्याचा खून झालेला असतो, त्यांचं छोटं पोर दारात येतं, रडतं, पण त्याचं रडणंसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. तिथे एखादी करुण बासरी टाकली असती तर प्रेक्षकाला रडायची सोय झाली असती. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी ती सोय दिली नाही, म्हणून २०१६ पासून तो शेवट माझ्या डोक्यातून जात नाही.

'फँड्री' या आधीच्या चित्रपटातही त्यांनी ध्वनीचा असाच विलक्षण वापर केलाय. पकडायचं डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि नायक जब्या जागच्या जागी उभा राहतो. वेगळं पार्श्वसंगीत लागतच नाही; प्रसंगातलाच आवाज सगळं बोलतो. पार्श्वसंगीताच्या यादीत हा प्रसंग कुणीच कसा घेतला नाही? माझ्या यादीत तो 'झिंगाट'च्या कितीतरी वर आहे.