मदत हवी आहे: आरोझ काल्दो गार झाला की गोळा होतोय

फिलिपिन्समध्ये दावावला हॉस्टेलवर आहे, फिलिपिनो रूममेटला ताप आलाय म्हणून तिच्यासाठी आरोझ काल्दो करतेय, आपल्या पेजेसारखंच पण आलं नि चिकन घालून. आलं-लसूण-कांदा परतला, चिकन, मग अर्धा कप मलागकित म्हणजे चिकट तांदूळ, अर्धा कप साधा, सहा कप पाणी, पातिस म्हणजे माशाचा खारट सॉस, पाऊण तास मंद आचेवर. चव छान येते, वरून तळलेला लसूण, कालामान्सी (इथलं छोटं लिंबू) सगळं आहे, पण दहा मिनिटांत गोळा! आठ कप पाणी घातलं तर भात खाली नि पाणी वर. एकच इंडक्शन आहे, कुकर नाही, आणि दिवसातून तीनदा तेच गरम करून द्यायचंय. मग मलागकित कमी करू का वगळूच, आणि परत गरम करताना साधं पाणी घालू की चिकनचा स्टॉक?