लाइव्ह मेलमधले १४ वर्षांचे मेल थंडरबर्डमध्ये कसे आणू?

रोड नंबर १६
मंडळी, वागळे इस्टेटला माझा गॅस्केट कापायचा गाळा आहे. तिथे २०११ चा विंडोज ७ वाला पीसी, त्यात मेलसाठी विंडोज लाइव्ह मेल हा प्रोग्रॅम. पंख्याची घरघर ऐकून मुलगा म्हणाला, बाबा, हा कधीही बसेल. म्हणून विंडोज ११ चा नवा घेतला, मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम टाकला, खातं जोडलं. इनबॉक्समध्ये अकरा मेल! जुन्या पीसीत मात्र सगळे आहेत.

गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, शीटची जाडी, दिलेला रेट, सगळं मेलमध्येच. वेगळं सेव्ह करायची सवय नाही. नाव टाकायचं आणि शोधायचं. याआधीच्या पीसीच्या वेळी एका दुकानदाराने "सगळं घेतलं" म्हणत फक्त डेस्कटॉप कॉपी केला होता. म्हणून २०११ च्या आधीचं माझ्याकडे काहीच नाही, आणि आता कुणाच्या हाती पीसी द्यायचा धीर होत नाही.

कोपरखैरणेकर
काका, आधी जुन्या पीसीत काहीही डिलीट करू नका. तुमचं खातं पीओपीवर, म्हणजे मेल पीसीत उतरवून घ्यायच्या पद्धतीवर, असणार. त्यात 'सर्व्हरवर प्रत ठेवा'वर टिक नसेल तर मेल पीसीत उतरला की सर्व्हरवरून जातो. म्हणजे तुमच्या मेलची एकुलती एक प्रत त्या डबड्यात आहे.

लाइव्ह मेल प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल ठेवतो, हे आपलं नशीब. ते बंद करा. मग सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, हिडन फाइल्स दिसतील असं करा. अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या.

नव्या पीसीत थंडरबर्डला 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' हे अ‍ॅड-ऑन लावा. लोकल फोल्डर्समध्ये एक फोल्डर बनवा, त्यावर राइट क्लिक करून सबफोल्डर्ससकट ईएमएल इम्पोर्ट करा. खात्याच्या इनबॉक्समध्ये टाकू नका हां! ते आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवायच्या पद्धतीवर, असेल तर सगळं वर सर्व्हरवर चढायला लागेल आणि कोटा भरेल. पत्ते वेगळे, ते लाइव्ह मेलमधून सीएसव्ही (साध्या यादीची फाइल) करून आणा.

नौपाड्यातली
एवढ्या बारीक फाइल पेन ड्राइव्हवर टाकायला दिवस जाईल. झिप करा. पण पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही, ३२ जीबी रिकामी असली तरी. मी तासभर पेन ड्राइव्हलाच शिव्या घातल्या होत्या. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यावरचं आधी काढून घ्या.

जुने मराठी मेल शिवाजी फॉन्टमधले असतील तर तो फॉन्टही न्या, नाहीतर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील.

रोड नंबर १६
झालं! दोघांचे आभार. पहिल्या पेन ड्राइव्हने ताईंनी सांगितलं तस्साच नकार दिला. फॉन्टचंही खरं निघालं; सोसायटीची जुनी पत्रं वाचताच येईनात, फॉन्ट टाकल्यावर उघडली.

आकडे जुळवून पाहिले, दुकानदाराचा अनुभव विसरलो नाही. सहा मेल कमी! मी खात्याचं फोल्डर आणि स्टोरेज फोल्डर्स घेतले होते, आउटबॉक्स वेगळा असतो तो राहिला. त्यात सहा मेल २०१६ पासून अडकलेले. एक तळोज्याच्या पार्टीचं कोटेशन. ऑर्डर दिली नाही म्हणून मी त्यांच्याशी दोन वर्षं धड बोललो नव्हतो.

कोपरखैरणेकर
काका, आता पाठवू नका. २०१६ चा रेट आहे.