एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडला चालवायचं बायोस सेटिंग) ऑन केलं की रेंडरिंगमध्ये निळी स्क्रीन

रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक्स आहेत, डीडीआर४ ३६००, गेम मस्त चालतात पण व्हिडिओ रेंडर लावला की मधेच क्रॅश, रॅम गेलीय की प्रोसेसर, कसं ओळखायचं?

रात्रपाळी: पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायचं टूल) बूट कर, रात्रभर चालू दे. एक जरी एरर आली तरी सोडू नकोस, फाईली गुपचूप करप्ट होतात रे! मग एक्सएमपी बंद करून एकेक स्टिक वेगळी तपास, तरीही एरर आली तर वॉरंटीत दे.

खटपट्या: मेमटेस्ट पास म्हणजे सगळं ओके असं नाही हं. प्राइम९५ (प्रोसेसरवर ताण देणारं टूल) पण लाव, त्यातला स्मॉल एफएफटी मोड कोअर आणि कॅशवर ताण देतो, लार्जमध्ये मेमरी कंट्रोलरही भरडला जातो, टेंपरेचर बघत राहा.

कोकणी_पीसी: ३६०० म्हणजे ओव्हरक्लॉकच (ठरलेल्या स्पीडच्या वर), ३२०० करून बघ, रेंडरला फारसा फरक पडत नाही.