ड्रोनमधून अश्रुधूर: नेमकी माहिती कोणाकडे आणि कशी मागायची?

प्रश्न
१३ फेब्रुवारी २०२४ ला पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. असं साधन बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दल) टेकनपूर (ग्वाल्हेर) युनिटने २०२२ मध्येच तयार केलं होतं. रसायन कोणतं, किती टाकलं, किती उंचीवरून, हे सरकारला कुठे सांगावं लागतं का? आरटीआय बीएसएफकडे टाकू का?

उत्तर १
रासायनिक शस्त्रबंदी करारात सांगावं लागतं, पण फारच थोडं. कलम ३ प्रमाणे दंगल नियंत्रणासाठी ठेवलेल्या रसायनाचं नाव, रचनासूत्र आणि सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक, कळवायचा (सीएस या नेहमीच्या अश्रुधुराचा २६९८-४१-१). बदल झाला तर ३० दिवसांत. साठा किती आणि तो कशातून फेकणार, हे विचारलेलंच नाही. त्यामुळे बंदुकीऐवजी ड्रोन आला तरी त्या घोषणेतली एक ओळही बदलत नाही. खरी पळवाट तिथे आहे.
युद्धात मात्र हेच रसायन वापरायला कलम १(५) ने बंदी आहे. युक्रेनच्या आघाडीवरच्या नमुन्यांत सीएस सापडल्याचं या कराराची अंमलबजावणी बघणाऱ्या ओपीसीडब्ल्यू संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं.

उत्तर २
बीएसएफकडे टाकू नका. ती आरटीआयच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातून वगळलेल्या संस्थांच्या यादीत आहे, कलम २४ दाखवून अर्ज परत येईल. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच माहिती मिळते, आणि हक्कभंगाची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने, ४५ दिवसांत.
ज्यांनी वापरलं त्या जिल्हा पोलिसांकडे टाका (राज्याने आरटीआयमधून वगळलेली शाखा नाही ना, ते आधी बघा). ‘का वापरलं’ असं विचारू नका. कारणं विचारली की ‘ही माहिती नव्हे’ म्हणून फेटाळतात. कागद मागा: त्या तारखेची दारूगोळा वाटप व वापराची नोंदवही, नळकांड्यांचे लॉट क्रमांक आणि मुदत, ड्रोनच्या उड्डाणाची नोंद, वापराचा लेखी आदेश. कलम ८(१)(अ) (देशाच्या सुरक्षेचं कारण) लावतील हे गृहीत धरून अर्जातच लिहा: ‘कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेलं द्यावं.’ नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील.

उत्तर ३
उंची आणि संख्या आवर्जून मागा. सीएस हा मुळात घन पदार्थ, नळकांड्यातल्या उष्णतेने तो धुरासारखा पसरतो. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने हवेत घनमीटरला २ मिलिग्रॅम ही तात्काळ धोक्याची पातळी धरली आहे. एकाच जागी ओळीने नळकांडी पडली तर ती ओलांडली जाऊ शकते, आणि वरून सरळ पडणारं नळकांडं डोक्यावर येऊ शकतं. उंची व संख्या कळल्याशिवाय यातलं काहीच तपासता येत नाही.