रविवारची पायी सहल: टेरियरवाल्यांसाठी दोरीचा नियम

प्रेषक: सहल समिती
मंडळी, मागच्या वेळचा गोंधळ नको. टेरियर जातींचं कुत्रं आणणाऱ्यांनी आपोआप गुंडाळली जाणारी दोरी आणू नये. दोन मीटरची साधी, जाड दोरी आणावी. बारीक दोरी मुलांच्या पोटरीवरून सर्रकन गेली की कातडी सोलते. आणि पाच मीटर पळत सुटलेल्या कुत्र्याला दोरी संपते तिथे सगळा झटका मानेवर बसतो.

प्रेषक: खजिनदार
दोरीला माझा पाठिंबा. पण काही जण हार्नेसची (छाती-खांद्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्यांची) सक्ती मागतायत, ती करू नका. टेरियर मागे सरकत सरकत हार्नेसमधून अलगद बाहेर येतो. समोर खार दिसली आणि तो निसटला तर रस्त्यावर कोण धावणार? गळ्यात पट्टा असलेला बरा.

प्रेषक: यॉर्कीवाल्या काकू
खजिनदारसाहेब, यॉर्कीला (यॉर्कशायर टेरियरला) गळ्यातला पट्टा नकोच. या जातीत श्वासनलिकेच्या कुर्च्या ढिल्या पडून नळी चपटी होते. पट्टा ओढला गेला की बदकासारखा कर्कश खोकला सुरू होतो. जॅक रसेलसारख्या काही टेरियरांत डोळ्याचं भिंग जागचं सरकण्याचा आनुवंशिक आजार आहे. मानेवर ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो, म्हणजे त्यांनाही पट्ट्याची ओढ नको. पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी ठेवा.

निसटण्याचं कारण माप. टेरियरची छाती खोल आणि कंबर बारीक. त्यामुळे छातीचा पट्टा जरा सैल असला, की कुत्रं डोकं खाली घालून मागे रेटतं, पट्टा कोपरांवरून पुढे येतो आणि मग मान सुटते. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं आडवी जेमतेम जावीत. छातीचा पट्टा कोपराच्या दोन बोटं मागे हवा, नाहीतर काख घासून लाल होते. घरातच तपासा: कुत्र्याच्या समोर उभं राहून दोरी हळू आपल्याकडे ओढा आणि त्याला मागे सरकू द्या. पट्टा कोपराकडे आला तर आवळा. तरीही निसटत असेल तर कंबरेवर तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्या. आणि केस काढून आणल्यावर माप पुन्हा बघा! दाट केसांवर बसवलेला हार्नेस दुसऱ्या दिवशी ढिला होतो. बहुतेकांचं इथेच चुकतं.

प्रेषक: खजिनदार
काकू, मान्य. मग हार्नेसची कडी आणि गळ्यातला पट्टा जोडणारी छोटी सुरक्षा-पट्टी लावू द्या. ती सैल ठेवायची, म्हणजे एरवी मानेवर ओढ येत नाही आणि हार्नेस निघालाच तरी कुत्रं हातात राहतं.

प्रेषक: सहल समिती
चालेल, नियमात घालतो. नियम मात्र समितीच पाठवेल, कृपया कोणी वेगळी यादी फिरवू नये. वाटेत कोणी कुत्रं बिळापाशी मोकळं सोडू नये. टेरियर बिळात शिरला की हार्नेसची बकल झाडाच्या मुळांत अडकते आणि त्याला मागे येता येत नाही.

प्रेषक: क्रीडा विभाग
बिळांचा विषय निघालाच आहे तर: उंदीर पकडणं टेरियरच्या रक्तात आहे, आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होतो. डबक्याचं पाणी पिऊ देऊ नका, बाटली आणि वाटी बरोबर ठेवा. लेप्टोची लस दरवर्षी लागते, ती झाली आहे का बघा. मेलेला उंदीर तोंडात घेतला तर लक्षणांची वाट बघू नका. रक्त पातळ करणाऱ्या उंदीरविषाची लक्षणं काही दिवसांनी दिसतात, तोवर आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. त्याच दिवशी व्हेटकडे न्या.

प्रेषक: यॉर्कीवाल्या काकू
आणि कुसळं! वाळल्या गवताचं कुसळ बोटांच्या बेचक्यात घुसतं आणि त्याच्या काट्यांमुळे पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. बोटांमधले केस आधी कापा. चालून आल्यावर प्रत्येक बेचकं बोटाने उघडून बघा, मग कान. कुत्रं एकाच बाजूला डोकं झटकत राहिलं तर कुसळ कानात खोल गेलेलं असू शकतं. तिथे कापूस-काडी घालू नका, ते आणखी आत जाईल. वेस्टीचे (वेस्ट हायलंड व्हाइट टेरियरचे) पंजे आणि पोट साध्या पाण्याने पुसून कोरडे करा, ही जात कातडीच्या ॲलर्जीची आहे.

प्रेषक: खजिनदार
गोचिडीवर तेल किंवा रॉकेल लावणं बंद करा, मागे कोणीतरी सुचवलं होतं. त्रास दिला की ती पोटातलं जखमेत ओकते. गोचीड काढायच्या आकड्याने (हुकने) कातडीलगत धरून फिरवत काढायची. काख, जांघ, कानामागे आणि पट्ट्याखाली बघा.

प्रेषक: क्रीडा विभाग
आकडा प्रथमोपचार पेटीत आहे. पेटी आमच्या विभागाची आहे, वापरून झाली की आमच्याकडेच द्यावी.

प्रेषक: सहल समिती
पेटी रविवारी समितीच्या गाडीत राहील. ऊन तापण्याआधी परतायचं असल्याने आठ म्हणजे आठला निघायचं. निघताना हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. हात ठेववत नसेल तर डांबरावरून न्यायचं नाही, गवताच्या कडेने चला.