एचएसएवाला हाय डिडक्टिबल प्लॅन: घ्यावा की नाही?

(जमाखर्च, रोखठोक आणि हडसनकाठ या टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा. एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट: जास्त डिडक्टिबलच्या विमा प्लॅनसोबत मिळणारं, वैद्यकीय खर्चासाठीचं टॅक्स-सवलतीचं खातं.)

जमाखर्च

अमेरिकेत शरदात ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा निवडायचा काळ) सुरू झालं की बरेच जण डिडक्टिबलचा, म्हणजे इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायच्या रकमेचा, आकडा बघूनच हा प्लॅन बाजूला सारतात. माझं मत उलट आहे. नोकरी आहे, तब्येती बऱ्या आहेत आणि बँकेत चार-पाच हजार डॉलर पडून आहेत, अशा घराने आधी हाच प्लॅन तपासावा.

एक नमुना मांडतो. पीपीओचा (कमी डिडक्टिबलचा नेहमीचा प्लॅन) प्रीमियम महिना ४२० डॉलर, डिडक्टिबल १,०००, पुढे २० टक्के कोइन्शुरन्स (बिलातला आपला वाटा), आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम (वर्षात उपचारांसाठी खिशातून जास्तीत जास्त जाणारी रक्कम) ५,०००. दुसरीकडे एचएसए प्लॅन: प्रीमियम १८०, डिडक्टिबल ३,६००, मॅक्सिमम ७,५००, आणि कंपनी खात्यात १,२०० भरते. वर्षभरात कोणीच आजारी पडलं नाही तर पीपीओला ५,०४० जातात, एचएसए प्लॅनला निव्वळ ९६०. सगळ्यात वाईट वर्षात, म्हणजे दोन्हीकडे मॅक्सिमम गाठलं तर, १०,०४० विरुद्ध ८,४६०. दोन्ही टोकांना एचएसएच स्वस्त.

वर टॅक्सचा फायदा वेगळा. २०२६ साठी एचएसएत भरायची मर्यादा कुटुंबाला ८,७५०, एकट्याला ४,४००. कंपनीचे पैसे त्यातच धरायचे. उरलेले ७,५५० पगारातून कापून भरले आणि २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरून साधारण २,२४० डॉलर वाचतात. हेच पैसे स्वतःच्या बँकेतून भरले तर इन्कम टॅक्स सुटतो, ते ७.६५ टक्के मात्र गेले.

रोखठोक

नमुना तुम्ही सोयीचा निवडलात. प्रीमियमचा फरक महिना ५० आणि कंपनीचा वाटा शून्य, असेही प्लॅन असतात. तिथे वर्षाला ६०० वाचवून वाईट वर्षात २,५०० जास्त भरायचे, म्हणजे १,९०० चा खड्डा. शिवाय पीपीओचा प्रीमियमही टॅक्सच्या आधीच कापला जातो, त्यामुळे तुमच्या नमुन्यात प्रीमियममध्ये वर्षाला वाचणारे २,८८० पूर्ण हातात येत नाहीत. ते एचएसएत टाकले तरच पूर्ण टिकतात.

खरी अडचण रोख रकमेची. एफएसएत (कंपनीमार्फतचं, वैद्यकीय खर्चासाठी पगारातून पैसे कापून घेणारं दुसरं खातं) वर्षाची ठरवलेली रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एचएसएत जेवढं जमा झालंय तेवढंच. जानेवारीत एमआरआय निघाला आणि खात्यात ३०० डॉलर असतील तर बाकीचे कुठून आणायचे?

संधिवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर फार जपून. औषध कंपनीच्या कोपे कार्डाने (पेशंटचा वाटा भरणारं सवलत कार्ड) भरलेले पैसे या प्लॅनच्या किमान डिडक्टिबलमध्ये धरता येत नाहीत. पेशंटने स्वतः भरलेलेच मोजतात. २०१९ पासून दम्याचे इन्हेलर, कोलेस्टेरॉलसाठीचं स्टॅटिन अशी काही औषधं डिडक्टिबलआधी द्यायला आयआरएसची (अमेरिकेचं टॅक्स खातं) मुभा आहे, पण ती मुभा आहे, सक्ती नाही. औषधाचं नाव घेऊन प्लॅनची यादी उघडून बघा.

आणि बिलाच्या धास्तीने छातीतलं दुखणं अंगावर काढणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी ३० डॉलर कोपेवाला (दर व्हिजिटला ठराविक रक्कम घेणारा) प्लॅन महाग पडला तरी बरा.

जमाखर्च

फरक ५० आणि कंपनीचा वाटा शून्य असेल तर मीही पीपीओच सांगेन. रोख रकमेचाही मुद्दा खरा, म्हणून तर सुरुवातीलाच शिल्लक हवी म्हटलं. जानेवारीत अडचण आली तर बिल खिशातून भरा, पावती ठेवा आणि खात्यात पैसे साठले की काढून घ्या. त्याला मुदत नाही. अट एकच, खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा. म्हणून पहिल्याच आठवड्यात थोडे पैसे टाकून खातं चालू करा.

डॉक्टरकडे काउंटरवर 'आत्ताच भरा' म्हटलं तर 'आधी इन्शुरन्सला क्लेम पाठवा' असं सांगावं. ईओबी (इन्शुरन्सने पाठवलेला क्लेमचा हिशेब) आल्यावर त्यावरचा 'तुमची जबाबदारी' हा आकडा आणि बिल जुळवायचं, मगच पैसे. डिडक्टिबल संपेपर्यंतही इन-नेटवर्क (इन्शुरन्सशी करार असलेल्या) डॉक्टरकडे इन्शुरन्सने ठरवलेलाच दर लागतो, छापील दर नाही. वार्षिक तपासणी फुकट असते, पण तिथेच गुडघेदुखी काढली तर वेगळ्या व्हिजिटचं बिल लागू शकतं.

हडसनकाठ

एडिसन आणि बे एरियातल्या मंडळींसाठी: न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं एचएसएला टॅक्ससाठी मानत नाहीत. फेडरल सूट मिळते. राज्याच्या टॅक्ससाठी मात्र भरलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि खात्यातलं व्याज-डिव्हिडंडही दरवर्षी दाखवावं लागतं.

रोखठोक

बाळंतपण असेल तर कॅलेंडर समोर ठेवा. डॉक्टर बहुतेक वेळा सगळ्या तपासण्या आणि प्रसूती मिळून एकच बिल प्रसूतीनंतर लावतात, पण सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचण्या वेगळ्या येतात. फेब्रुवारीत प्रसूती असली तर त्या चाचण्या आदल्या वर्षाच्या डिडक्टिबलमध्ये जातात आणि हॉस्पिटलसाठी नवं डिडक्टिबल शून्यापासून सुरू होतं. बाळाचं बिलही स्वतंत्र. फॅमिली डिडक्टिबल एकत्र आहे की माणशी वेगळी मर्यादा आहे, हे एचआरकडून लेखी घ्या. एकत्र असेल तर पूर्ण आकडा भरेपर्यंत कोणालाच काही मिळत नाही.

हडसनकाठ

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांचा खर्च एचएसएतून करू नका. ते सहसा टॅक्सच्या दृष्टीने डिपेंडंट ठरत नाहीत, आणि ६५ च्या आत चुकीच्या खर्चावर इन्कम टॅक्स अधिक २० टक्के दंड आहे. स्वतःची रूट कॅनाल पुण्यात केली तर चालते, तारखेसह पावती हवी. कायमचे भारतात परतलात तरी खातं तुमचंच. नवे पैसे मात्र भरता येत नाहीत.

जमाखर्च

सगळ्यात जास्त घसरगुंडी एफएसएवर होते. नवरा किंवा बायको यांपैकी एकाच्या कंपनीत साधी हेल्थ एफएसए चालू असेल, तर दुसऱ्याला एचएसएत पैसे भरता येत नाहीत, कारण ती एफएसए दोघांच्याही खर्चाला लागू होते. फक्त दात-डोळ्यांपुरती मर्यादित एफएसए चालते. जुन्या एफएसएचे पैसे पुढच्या वर्षात सरकणार असतील तर तेही आड येतात. डिसेंबर संपायच्या आत ती शिल्लक चष्म्यावर, दातांवर खर्च करून शून्यावर आणा. नाहीतर भरलेली रक्कम जादा ठरते आणि रिटर्न भरायच्या मुदतीआधी काढली नाही तर दरवर्षी ६ टक्के दंड बसत राहतो.